स्टेपनीला द्यायचं नाही

४ जानेवारी

ताई,

फोन केला असता, पण फोनवर तूच बोलतेस आणि मी नुसता हं हं करत बसतो. म्हणून लिहितोय. निदान पत्र संपेपर्यंत तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

आमचा खांब पडला. खांब म्हणजे आमच्या संघातला सगळ्यात उंच खेळाडू, रिंगखाली उभा राहून चेंडू गोळा करणारा. त्याचा गुडघा गेला. खेळताना गेला असता तर सांगायला तरी बरं होतं. सासऱ्यांचा सोफा जिन्यातून वर चढवताना गेला. अर्धा मोसम उरलाय आणि रिंगखाली उभं करायला माझ्याकडे कोणी नाही. असंच हरत राहिलो तर वरच्या गटातून खालच्या गटात घसरू, आणि मग मला संध्याकाळी घरी बसून तुझ्या भावजयीबरोबर पडद्यांचे रंग निवडावे लागतील.

बंदराच्या संघाकडे दोन उंच खेळाडू आहेत. त्यातला एक, जिराफ, ते आम्हाला द्यायला तयार आहेत. आमच्या स्पर्धेत मोसमाच्या मध्यावर खेळाडूंची अशी अदलाबदल करता येते, महिनाअखेरपर्यंत मुदत असते. बदल्यात त्यांना स्टेपनी हवाय.

स्टेपनी म्हणजे आमचा राखीव गार्ड. गार्ड चेंडू पुढे आणतो, खेळ चालवतो. आमचा पहिला गार्ड वकील. त्याला वकील म्हणतात, कारण तो पंचांशी वाद घालतो. तो दमला किंवा पंचांनी त्याला हाकलला की स्टेपनी आत जातो. गाडी जिथे बंद पडली तिथून सुरू करतो आणि वकील आला की गुपचूप बाहेर येऊन बसतो. कधी कुरकुर नाही, कधी उशीर नाही.

पण त्याचं खरं काम गुरुवारी असतं. पुढचा सामना ज्यांच्याशी असेल त्यांच्या गार्डचं तो सोंग काढतो. पिवळी जर्सी घालायची आणि तो माणूस होऊन आमच्याविरुद्ध खेळायचं. चाल तीच, फसवायची पद्धत तीच, शॉट चुकल्यावर कपाळावर हात मारायची ढबसुद्धा तीच. मुलं हसून लोळतात, पण शनिवारी खरा गार्ड समोर आला की त्यांना तो महिनाभराच्या ओळखीचा वाटतो. आम्ही वरच्या गटात टिकलो ते या सोंगांवर.

चिटणीस म्हणतात, देऊन टाका. पोरं म्हणतात, अजिबात नाही. मी सकाळी एक म्हणतो आणि जेवल्यावर दुसरं. तुला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणूनच विचारतोय. ज्यांना कळतं ते सगळे एकदमच ओरडतायत.

तुझा
धाकटा


७ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. उठून खोलीत फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे लिहिण्याइतकी शांत झाले. शांत म्हणजे माझ्या मानाने.

माणूस देऊन माणूस घेता? जुन्या तहनाम्यांत मी हे वाचलं आहे. किल्ला द्या, घोडे द्या, धाकटा राजपुत्र ओलीस ठेवा. पण तिथे निदान मागे जळणारं गाव असायचं, वेढा पडलेला असायचा. तुमची समिती पंख्याखाली बिस्किटं खात ठराव करणार! आणि नाव काय ठेवलंत त्याला, स्टेपनी! एखाद्याला आयुष्यभर डिकीत ठेवायचं आणि वर त्याला तेच नाव द्यायचं, हे तुम्हालाच सुचू शकतं.

मी तुमचा खेळ पाहिलेला नाही. तो चेंडू कुठल्या टोपलीत किती वेळा पडतो याच्याशी मला कर्तव्य नाही. पण भरवशाचा माणूस म्हणजे काय ते मला कळतं. बस कंडक्टरांच्या संपात आगारासमोर भाषणं मी केली. फोटो माझे छापून आले. पण मी स्टूलवर चढायच्या आधी सतरंज्या अंथरल्या कोणी? भोंगा बिघडला तेव्हा दुसरा कोणी आणला? लोक कंटाळून उठायला लागले तेव्हा त्यांना गप्पांत गुंतवून बसवून कोणी ठेवलं? त्यांची नावं कुणी विचारली नाहीत. ती माणसं नसती तर मी स्टूलवर उभी राहून कावळ्यांना हक्क समजावत बसले असते.

चमकणाऱ्या माणसाला सगळे जपतात. भरवशाच्या माणसाला कोणी जपत नाही, कारण तो उद्याही असणारच असं सगळे धरून चालतात. तुमचा एक खांब सोफ्यापायी पडला. दुसरा तुम्ही आपल्या हातांनी उपटून देणार आहात? उंची हवी असेल तर उंच माणूस शोधा. जगात उंच माणसांचा दुष्काळ पडलेला नाही. सरळ माणसांचा आहे.

या मुलाच्या वतीने कोणी बोलणार नसेल तर मी बोलते. त्याला द्यायचं नाही. गट खालचा मिळाला तर खालच्या गटात ताठ मानेने खेळा.

हे पत्र समितीपुढे वाच. उभा राहून वाच. तू तोंडातल्या तोंडात बोलतोस, तसं नको. ‘आपल्या हातांनी’ या शब्दांशी जरा थांब, सगळ्यांकडे बघ, मग पुढे जा.

ताई


१५ जानेवारी

ताई,

वाचलं. समितीपुढे, दाराशी सगळी पोरं जमलेली असताना, उभा राहून वाचलं. ‘आपल्या हातांनी’पाशी थांबलो आणि सगळ्यांकडे पाहिलं, तर खजिनदार रुमाल शोधत होते. ‘सरळ माणसांचा आहे’ म्हटल्यावर चिटणिसांनी बिस्किटाची बशी बाजूला सारली. देऊन टाका म्हणणारे ते एकटेच होते. त्यांनीच उठून ठराव मांडला: स्टेपनीला द्यायचं नाही. एकमताने मंजूर. वर अशी सूचना आली की ताईंचं पत्र कपडे बदलायच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये लावावं. लावलंय. खिळा खांबाने ठोकला. गुडघा गेला असला तरी हात पोचतो.

पोरांनी स्टेपनीला खांद्यावर घेऊन कोर्टाभोवती मिरवला. तो हसला, सगळ्यांना थँक्यू म्हणाला, खाली उतरला आणि विखुरलेले चेंडू गोळा करून जाळीत भरायला लागला. बघ, असा माणूस! स्वतःच्या मिरवणुकीनंतर स्वतःच आवराआवर करणारा. मला भरून आलं.

बंदराच्या प्रशिक्षक बाईंना फोन करून नाही म्हणून कळवलं. बाई चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. फक्त एक विचारलं, ‘बरं, आता देणार नाहीच आहात, तर सांगायला हरकत नाही. त्याचा स्वतःचा खेळ कसा आहे हो? डावीकडून घुसतो की उजवीकडून?’

ताई, गंमत सांगतो, मला सांगताच येईना! तो वकिलाच्या जागी जातो तेव्हा वकिलाने आखलेला खेळ पुढे चालवतो. गुरुवारी तो दुसराच कोणी असतो. इतकी वर्षं रोज बघतोय तरी! शेवटी ‘दोन्हीकडून’ म्हणालो आणि ठेवून दिला. नंतर पोरांना सांगितलं तर तीही हसली.

उंच माणूस अजून मिळालेला नाही. खजिनदारांनी त्यांचा पुतण्या सुचवलाय. तो उंच आहे, पण त्याला धावायला आवडत नाही.

तुझा
धाकटा


२० जानेवारी

आदरणीय ताई,

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्यावर एक पान लिहिलंय. मी स्टेपनी. पत्ता सरांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला, त्याबद्दल माफ करा.

तुमचं पत्र आमच्या खोलीत माझ्या खुंटीच्या बरोबर वर लावलंय. रोज बूट घालताना वाचतो. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललेलं नाही, आईसुद्धा नाही. सर वाचत होते तेव्हा मलाच वाटलं, खरंय, अशा माणसाला कुठेही जाऊ देता कामा नये. टाळ्या वाजवायला हात वर गेले, आणि मग लक्षात आलं की तो माणूस मी आहे आणि मला जायचंय.

बंदराच्या बाई मागच्या सामन्यानंतर मला भेटल्या होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे आलास तर पहिल्या शिट्टीपासून तू खेळशील. मी हे कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, समिती ठरवेल तेव्हा कोणीतरी विचारेलच. मग तुमचं पत्र आलं आणि विचारायची गरजच उरली नाही.

माझी तक्रार नाही. मी दिवसा गाडी चालवायला शिकवतो. स्टीअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, माझ्या पायाखाली फक्त जादा ब्रेक. माणसं परीक्षा पास होतात, हात मिळवून जातात. चांगलं काम आहे. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर तीच गाडी मी गॅरेजपर्यंत स्वतः नेतो ना, तेव्हा शीळ घालतो. खेळात माझी ती संध्याकाळ अजून आलेलीच नाही. वय वाढतंय. आणखी किती मोसम पाय साथ देतील कोण जाणे.

सरांना सांगू नका. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय. एवढा आनंद त्यांना आम्ही जिंकल्यावरही होत नाही.

मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. म्हणून एक विनंती. तुम्ही दुसरं एक भाषण लिहून द्याल का? उलट बाजूचं. तुम्हाला जमेल.

आपला
स्टेपनी


२३ जानेवारी

स्टेपनी,

नाही. उलट बाजूचं भाषण मी लिहून देणार नाही. जे पटत नाही ते मी कधी बोलले नाही, आणि जे पटतं ते तर तू मला आत्ताच इतकं स्वच्छ लिहून पाठवलंस की त्यावर माझं पाणी ओतण्यात अर्थ नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मी बसले. मला बसवणं सोपं नाही. दोन मंत्री आणि एक पोलीस अधिकारी प्रयत्न करून थकले. तुझ्या हक्कांसाठी मी आकाशपाताळ एक केलं, आणि तुला काय हवं हे विचारायचं मला सुचलं नाही! ज्यांच्यावर मी हयातभर तोंडसुख घेतलं, ते मालक तरी दुसरं काय करत होते? ते म्हणत, आम्हाला ठाऊक आहे तुमचं भलं कशात आहे. मीही तेच म्हटलं. फक्त माझी वाक्यं बरी होती.

तेव्हा आता ऐक. हा आदेश नाही, आग्रह आहे. तू स्वतः उभा राहा आणि सांग. माझ्या भावाला घाबरू नकोस, तो लहानपणापासून फक्त पालींना आणि मला घाबरतो. त्याला वाईट वाटेल, तर वाटू दे. माणसाला वाईट वाटतं आणि मग भूक लागते.

लांबलचक बोलू नकोस. उदाहरणं देऊ नकोस. सगळ्यांची सोंगं तुला येतात असं ऐकते. माझं काढू नकोस. तुझं जे आहे ते एवढंसं असलं तरी तेवढंच बोल.

मी भावाला यातलं अक्षरही कळवत नाही. माझ्या पोटात गोष्ट राहते आहे, हे ऐकून तो बेशुद्ध पडेल.

ताई


२७ जानेवारी

ताई,

तुला सगळं माहीत होतं, स्टेपनीनेच सांगितलं! चार दिवस माहीत होतं आणि तू गप्प बसलीस! तू! मला आधी याचा धक्का बसला आणि नंतर बाकीच्याचा.

आज सराव सुरू व्हायच्या आधी स्टेपनी मधोमध येऊन उभा राहिला. म्हणाला, मला बोलायचंय. पोरं गोल करून बसली. त्याने घसा साफ केला, एक हात वर नेला, आणि माझ्याच आवाजात म्हणाला, ‘आपल्या हातांनी...’ आणि थांबून सगळ्यांकडे पाहिलं. अख्खी टीम हसून आडवी. मीही हसलो. हुबेहूब मी, पत्र वाचताना! पण त्याचा चेहरा पाहिला तर घामाघूम. त्याला ते काढायचं नव्हतं. ते आपोआप निघालं. हात खाली घेतला, जमिनीकडे बघत म्हणाला, ‘मला बंदराकडे जायचंय. मला खेळायचंय.’

झालं. तेवढंच.

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. ‘इतक्या वर्षांचं हेच का फळ’ या चालीवर काहीतरी होतं. वकील म्हणाला, ‘सर, त्याचं ऐकून तर घ्या.’ पंचांचंही न ऐकणारा हा माणूस! मी चिडून म्हटलं, ‘खेळायचंय ना? मग खेळ! काढ ती पिवळी जर्सी. तुझा खेळ दाखव.’

त्याने काढली. चेंडू घेऊन निघाला. पहिल्याच वळणाला त्याने खांद्याचा झटका दिला आणि मागून कोणीतरी ओरडलं, ‘हा तर बँकवाल्यांचा गार्ड!’ हशा. पुन्हा आला, अर्ध्या पावलावर थबकून शॉट मारला. ‘हा विद्यापीठाचा लंगड्या!’ मग ‘हा वकील!’, मग ‘हा तर खांब!’ प्रत्येक हालचालीला मालक सापडत होता. पोरं मजेत होती, पण त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, याच्याजवळ स्वतःचं काही उरलंच नसलं तर? आपण सगळ्यांनी मिळून त्याला इतकी सोंगं घालायला लावली की आतला माणूसच हरवला असला तर?

पुन्हा आला. समोर वकील. आणि त्याने काहीतरी केलं. काय ते मला अजून नीट सांगता येत नाही. चेंडूचा वेग कमी केला, इतका की वकील वाट बघत उभा राहिला, आणि मग एकदम आळस झाडून निघाल्यासारखा त्याच्या बगलेखालून गेला आणि चेंडू हलकेच रिंगमध्ये सोडून दिला. पोरांनी ओरडायला तोंडं उघडली होती. तशीच उघडी राहिली. कुणाचंच नाव आठवेना. ते आम्ही कुणाचंच पाहिलेलं नव्हतं.

वकील तिथेच जमिनीवर बसला आणि म्हणाला, ‘हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंस रे?’

स्टेपनी म्हणाला, ‘कोणी मागितलं नाही.’ रागाने नव्हे, अगदी साधं. आणि आम्हाला शीळ ऐकू आली. तो चेंडू आणायला गेला होता.

तर मला मान्य आहे. त्याने जावं. पण आता अडचण तुझी आहे. मी चिटणिसांना सांगायला गेलो, तर ते फ्रेमकडे बोट दाखवून म्हणतात, ‘ताईंच्या पत्राविरुद्ध ठराव? मी सही करणार नाही.’ खजिनदार म्हणतात, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तू त्यांना पेटवलंस, आता तूच विझव. एकतीस तारखेला बैठक आहे, म्हणून हे जलद टपालाने पाठवतोय.

धाकटा


२९ जानेवारी, जलद टपालाने

समितीच्या सभासदांना,

माझं पत्र तुम्ही काचेत लावलंत, आभारी आहे. कृपया ते खाली उतरवा.

मी लिहिलं की भरवशाच्या माणसाला कोणी जपत नाही. ते खरं आहे. पण जपणं म्हणजे कपाटात ठेवणं, असं माझ्याकडून तुम्हाला सांगितलं गेलं. ते चूक होतं. कोणी तुमच्यासाठी वर्षानुवर्षं उभा राहिला असेल, तर त्याला जायचं तेव्हा दार उघडून देणं हेही तुम्ही त्याचं देणं लागता. मी तुमच्या दाराला कुलूप घातलं आणि टाळ्या घेतल्या. चिटणिसांचं पहिलं मत बरोबर होतं, कारण चुकीचं असलं तरी. त्यांना उंची हवी होती. तुम्ही मात्र त्या मुलाला जायचंय म्हणून ठराव करा. उंच माणूस त्यावर फुकट मिळतोय असं समजा.

हे वाचताना उभं राहायची गरज नाही. बिस्किटं खात वाचलं तरी चालेल.

धाकट्याची ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण आम्ही जिंकत होतो. जिराफ फार गुणी निघाला. दारातून वाकून आत येतो आणि आल्या आल्या विचारतो, खायला काय आहे. रिंगखाली मात्र कुणाला फिरकू देत नाही. खालच्या गटाचं संकट टळलं. खजिनदारांचा पुतण्या सुटला आणि आम्हीही.

पण आजचं सांगायला बसलोय. आज बंदराच्या संघाशी सामना होता, आमच्याच कोर्टावर. पहिल्या शिट्टीला तो समोर उभा, निळ्या कपड्यांत. पाठीवर नंबर नवा. त्यांची पोरं त्याला मास्तर म्हणतात, गाडी शिकवतो म्हणून. मला जरा लागलं. मग वाटलं, बरंच झालं.

अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही थोडे पुढे होतो. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. शॉट घाईत मारत होता, आमच्या पोरांकडे बघून ओशाळं हसत होता. वकील त्याला एकदा म्हणाला, ‘अरे, लाजतोस काय, मार!’ पंचांनी वकिलालाच ताकीद दिली.

मध्यंतराची शिट्टी झाली. मी आमच्या बाकावर बसून फळ्यावर खुणा काढत होतो. शेजारी कोणीतरी येऊन बसलं, घाम पुसायला लागलं. मी न बघता पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हटलं, ‘त्यांचा गार्ड घाबरलाय, बघितलंस? आता त्याला सोडू नका.’

‘हो सर,’ तो म्हणाला.

आणि मग आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

कोर्टाच्या पलीकडून बंदराच्या बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आमची पोरं तोंडावर टॉवेल दाबून हसत होती. तो उठला, बाटली मला परत द्यावी की नाही या विचारात पडला. म्हटलं, ‘ने ती. आणि ऐक, घाबरला असशील तर घाबरल्यावर तुझा स्वतःचा खेळ कसा असतो, तेही एकदा बघू दे.’

तो पळत पलीकडे गेला.

पुढचं काय सांगू? पिसं काढली आमची. जिराफ डावीकडे वळेपर्यंत तो उजवीकडून परत निघालेला असायचा. शेवटच्या मिनिटांत चिटणीस उठून उभे राहिले आणि त्याच्या शॉटला टाळ्या वाजवल्या, मग आपण कुठल्या संघाचे चिटणीस हे आठवून पटकन खाली बसले. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो, ओरडू नये म्हणून. आमच्या बाजूने नव्हे.

हरलो, ताई. जबरदस्त हरलो. घरी आलो तर तुझी भावजय म्हणाली, एवढे खुशीत कशाने, जिंकलात का? मी म्हटलं, छे गं. आणि जेवायला बसलो.

तुझा
धाकटा